चार चाकांच्या चार वाटा

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात कोकणातल्या एका आडगावी जाण्याचा प्रसंग मला आला. शेवटचे तीन-चार किलोमीटर निव्वळ तांबड्या मातीचे होते. चिखल लागताच जीपच्या ड्रायव्हरकाकांनी नेहमीच्या गिअरच्या दांड्याशेजारचा एक आखूड दांडा खटकन ओढला आणि म्हणाले, "आता चारी चाकं लागली. बसा निवांत." आणि खरोखरच, ज्या चिखलात एक ट्रॅक्टर रुतून बसला होता त्यातून आमची जीप डुलत डुलत पार झाली.

गंमत झाली ती परतताना. डांबरी सडकेला लागलो तेव्हा ऊन पडले होते, सडक कोरडी ठणठणीत होती आणि गप्पांच्या नादात काका तो आखूड दांडा पूर्ववत करायला विसरले होते. पहिल्याच अरुंद वळणावर गाडी अशी अडखळली, की जणू कोणी ब्रेकवर पाय ठेवला आहे. स्टिअरिंग जड झाले, टायर किरकिरले. काकांच्या लक्षात चूक आली. त्यांनी गाडी थांबवून दांडा ढकलला, पण तो जागचा हलेना! मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. स्टिअरिंग तसेच वळवलेले ठेवून गाडी दहा-बारा फूट मागे घेतली आणि पुन्हा दांड्याला हात लावला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा सुटला. "पीळ बसला होता, सुटला," एवढेच स्पष्टीकरण देऊन ते पुढे निघाले.

हा पीळ कुठे बसला होता? तो वळणावरच का बसला, चिखलात का नाही? आणि मागे गेल्यावर कसा सुटला? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायला जीपची गरज नाही. सुरुवातीला एक सायकल पुरे.

पाऊस थांबल्यावर शाळेच्या पटांगणात एखादे डबके शोधा. त्यातून सायकल न्या आणि लगेच कोरड्या फरशीवर किंवा सिमेंटवर एक लहानसे वर्तुळ काढीत हळूहळू फिरवा. आता खाली उतरून ओल्या चाकोऱ्या पाहा. सरळ भागात एकच रेघ दिसेल, पण वळणावर दोन दिसतील. पुढच्या चाकाची रेघ बाहेरून आणि मागच्याची आतून. पुढचे चाक जिथून गेले तिथून मागचे चाक जातच नाही, ते कोपरा कापते. दोन्ही रेघांवर सुतळी ठेवून मोजलीत तर पुढच्या चाकाची वाट लांब भरेल.

किती लांब, ते पायथागोरस सांगतो. मागचे चाक दांडीला घट्ट सरळ बसवलेले असल्यामुळे वर्तुळाचा मध्य त्याच्या आसाच्या रेषेवर असतो. त्या मध्यापासून मागच्या चाकापर्यंतची त्रिज्या ही काटकोन त्रिकोणाची एक बाजू, दोन चाकांमधले अंतर ही दुसरी बाजू आणि पुढच्या चाकाची त्रिज्या हा कर्ण. कर्ण नेहमीच मोठा! मागचे चाक ३ मीटर त्रिज्येवर फिरत असेल आणि दोन चाकांत १ मीटर अंतर असेल, तर पुढच्याची त्रिज्या ३.१६ मीटर येते. संपूर्ण वर्तुळात पुढचे चाक मागच्यापेक्षा १ मीटर जास्त चालते.

जाता जाता एक हिशेब एसटीचाही करू. समजा, तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांत साडेपाच मीटर अंतर आहे आणि वळताना आतले मागचे चाक ७ मीटर त्रिज्येवर आहे. मग आतल्या पुढच्या चाकाची त्रिज्या ८.९ मीटर होते. म्हणजे स्थानकाच्या फाटकात वळणाच्या आतल्या अंगाला तुम्ही उभे असाल, तर पुढचे चाक तुमच्यापासून जवळजवळ दोन मीटर दुरून जाईल आणि "गेली एकदाची" म्हणेपर्यंत मागचे चाक तुमच्या पायाच्या बोटांवर येईल. वळणाऱ्या मोठ्या गाडीच्या आतल्या बाजूला कधीही उभे राहू नका असे सांगतात ते यासाठी.

आता जीपकडे वळू. १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या आणि पुढे आपल्याकडेही रूढ झालेल्या मूळच्या जीपच्या दोन आसांत सुमारे २ मीटर अंतर होते आणि डाव्या-उजव्या चाकांत सुमारे १.२ मीटर. कागदावर तिची आकृती काढा. वळणाचा मध्य मागच्या आसाच्या रेषेवर घ्या. मागच्या आसाचा मधला बिंदू ५ मीटर त्रिज्येवर फिरतो असे धरा. मग मागचे आतले चाक ४.४ मीटरवर, मागचे बाहेरचे ५.६ मीटरवर. पायथागोरस लावला की पुढचे आतले ४.८३ मीटरवर आणि पुढचे बाहेरचे ५.९५ मीटरवर येते. चार चाके आणि चार निरनिराळी वर्तुळे! पाव वर्तुळ वळताना सर्वांत आतले चाक ६.९ मीटर चालते आणि सर्वांत बाहेरचे ९.३ मीटर.

त्याच आकृतीत आणखी एक गोष्ट दिसेल. प्रत्येक चाक आपल्या त्रिज्येला काटकोनात राहायला हवे असेल, तर पुढची दोन चाके सारखीच वळवून चालणार नाही. आतले सुमारे २४ अंश वळवावे लागेल, तर बाहेरचे सुमारे २० अंश. हे साधणारी दांड्यांची जुळणी म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर या गाडीकाराने घोडागाडीसाठी शोधली आणि १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले ते रूडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी. नाव अर्थातच पेटंट घेणाऱ्याचे झाले. मोटारगाडीच्या आधी जवळजवळ सत्तर वर्षे तिच्या वळणाची सोय होऊन बसली होती, असे म्हणायला हरकत नाही.

चाके मोकळी फिरत असती तर गोष्ट इथेच संपली असती. बैलगाडीचे पाहा ना. तिचा आस फिरत नाही, चाके त्याच्यावर मोकळी फिरतात. वळताना बाहेरचे चाक भराभर फिरते, आतले सावकाश. कोणाचे कोणाशी भांडण नाही, कारण ओढण्याचे काम बैल करतात. मोटारीत मात्र चाकानेच गाडी ढकलायची असते, म्हणून त्याला इंजिनाशी जोडावे लागते. एका इंजिनाने दोन चाके फिरवायची, पण त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मुभाही द्यायची. हे कसे जमावे?

टेबलावर एक फूटपट्टी आडवी ठेवा. तिच्या दोन टोकांपुढे एक-एक काड्यापेटी ठेवा आणि पट्टीच्या बरोबर मध्यावर बोट लावून पुढे ढकला. दोन्ही पेट्या सारख्याच सरकतील. आता मित्राला डावी पेटी बोटाने धरून ठेवायला सांगा आणि पुन्हा ढकला. डावी जागची हलणार नाही, पण उजवी तुमच्या बोटाच्या दुप्पट अंतर जाईल. मित्राने बोट सैल केले, तर डावी थोडी सरकेल आणि उजवी त्या मानाने कमी. काहीही झाले तरी दोघींच्या अंतरांची सरासरी म्हणजे तुमच्या बोटाचे अंतर.

मोटारीच्या मागच्या आसाच्या मध्यावर जो फुगीर गोळा दिसतो, त्यात अशाच पट्ट्या असतात, फक्त गोल दातेरी चाकांच्या रूपात, म्हणजे न संपणाऱ्या पट्ट्या. या यंत्रणेला डिफरन्शियल म्हणतात. इंजिन मधल्या लहान दातेरी चाकांना ढकलते, ती दोन्ही बाजूंच्या चाकांना ढकलतात. वळणावर आतल्या चाकाने जेवढे फेरे कमी घेतले तेवढे बाहेरचे जास्त घेते. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती वापरली.

पट्टीचा प्रयोग अजून संपला नाही. आता उजवी काड्यापेटी उचलून घ्या आणि पट्टी ढकला. काय झाले? पट्टीचे रिकामे टोक भर्रकन पुढे गेले आणि डावी पेटी जागच्या जागी! पट्टी दोन्ही टोकांना सारख्याच जोराने ढकलते. एका टोकाला विरोधच नसेल तर दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. एक चाक चिखलात गरगरते आहे, दुसरे कोरड्यावर असूनही स्वस्थ आहे आणि गाडी तसूभर हलत नाही, हे दृश्य तुम्ही पाहिले असेलच. वळताना जो गुण, तोच रुतल्यावर दोष. काही गाड्यांत म्हणून हे डिफरन्शियल खिळ घालून बंद करण्याची सोय असते.

आता आपण त्या आखूड दांड्यापाशी आलो. जुन्या जीपमध्ये मागच्या आसावर एक डिफरन्शियल असते, पुढच्या आसावर एक. डाव्या-उजव्या चाकांचे भांडण दोन्हीकडे मिटलेले असते. एरवी इंजिनाचा जोर फक्त मागे जातो, पुढची चाके बैलगाडीसारखी मोकळी. आखूड दांडा ओढला की गिअरपेटीमागच्या दुसऱ्या एका पेटीत पुढे जाणारा दांडा आणि मागे जाणारा दांडा एकमेकांना पक्के जोडले जातात. या दोघांमध्ये मात्र डिफरन्शियल नाही! दोघांनी बरोबर सारखेच फेरे घ्यायचे अशी सक्ती आहे.

वरचे आकडे पुन्हा घ्या. पुढच्या दोन चाकांच्या त्रिज्यांची सरासरी ५.३९ मीटर, मागच्या दोघांची ५ मीटर. पाव वर्तुळात पुढच्या चाकांना सरासरी ८.४६ मीटर चालायचे आहे, मागच्यांना ७.८५. फरक ६१ सेंटिमीटर. टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा पाव फेऱ्याहून थोडे जास्तच फिरायला हवे. पण दांडे एकत्र जखडलेले आहेत! मग पुढची चाके हव्या त्यापेक्षा सावकाश फिरतात, म्हणजे ओढायचे सोडून गाडीला अडवतात. मागची हव्या त्यापेक्षा जलद फिरू पाहतात, म्हणजे जोराने ढकलतात. एक बैल पुढे आणि एक मागे, अशी ही जोडी. मधले पोलादी दांडे ओला पंचा पिळावा तसे पिळले जातात आणि दातेरी चाकांचे दात एकमेकांत आवळून बसतात. हाच काकांचा पीळ.

चिखलात टायर सहज घसरतात, त्यामुळे ६१ सेंटिमीटरचा हा फरक तिथल्या तिथे फिटतो. कोरड्या डांबरावर टायर सहजासहजी सुटत नाही, म्हणून आधी पीळ वाढत जातो, मग टायर किरकिर करीत खरडला जातो. आणि दांडा का सुटेना? तो ज्या दात्यांना सोडवू पाहत होता ते पिळामुळे एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. त्याच वर्तुळावर मागे गेले की हिशेब उलटा होतो. पुढची चाके मागे जातानाही जास्त अंतर चालतात, पण आता उलट दिशेने, म्हणून बसलेला पीळ उलगडतो. काका शाळा फारशी शिकले नसावेत, पण त्यांची युक्ती भूमितीला धरून होती.

हाच पीळ सरळ रस्त्यावरही बसू शकतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले असतील आणि ७० सेंटिमीटर व्यासात १ सेंटिमीटरचाच फरक असेल, तरी दर किलोमीटरमागे सुमारे १४ मीटरचा हिशेब चुकतो.

पुढच्या चाकांना वळवायचेही आणि फिरवायचेही, ही आणखी एक अडचण. साधा हूकचा सांधा वाकवून फिरवला तर गती एकसारखी राहत नाही. ३० अंशांत तो वाकला, की प्रत्येक फेऱ्यात चाक दोनदा सुमारे १५ टक्के जलद होते आणि दोनदा सुमारे १३ टक्के मंद. स्टिअरिंगला असे हिसके कोण सहन करणार! गोळ्यांच्या साहाय्याने गती समान ठेवणारे सांधे १९२० च्या दशकात आले, त्यात आल्फ्रेड झेपा यांचा सांधा प्रसिद्ध आहे. तरी सांधा किती वाकू शकतो यालाही मर्यादा असते. चारही चाके ओढणाऱ्या बऱ्याच गाड्यांना वळायला जास्त ऐसपैस जागा लागते, त्याचे एक कारण हे.

पिळावर उपाय तर उघडच आहे, पुढच्या आणि मागच्या दांड्यांमध्ये तिसरे डिफरन्शियल बसवायचे. १९६६ साली इंग्लंडमध्ये जेन्सन एफएफ या गाडीत ते होते, १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये आणि १९८० च्या ऑडी क्वाट्रोमध्येही होते. अशा गाड्या कोरड्या रस्त्यावर चारही चाकांनिशी खुशाल वळतात. पण पट्टीची गोष्ट आठवा. आता चारपैकी एक चाक जरी हवेत गरगरले तरी उरलेली तिन्ही स्वस्थ बसणार! म्हणून या मधल्या डिफरन्शियलला खिळ घालण्याची किंवा त्याचा मोकळेपणा आवरण्याची सोय लागतेच. आपल्याकडे १९८५ साली आलेल्या जिप्सीत मात्र तिसरे डिफरन्शियल नव्हते, आणि आजही डोंगरदऱ्यांसाठी बनवलेल्या कित्येक गाड्यांत ते नसते. साधे, दणकट आणि चिखलात भरवशाचे असे त्यांचे गणित असते.

रस्त्याच्या कामावर कमरेत मोडून वळणारे मोठे लोडर दिसतात, त्यांचे कौतुक इथे करायला हवे. मोडण्याचा बिंदू दोन्ही आसांच्या बरोबर मध्ये असेल, तर पुढची आणि मागची चाके एकाच वर्तुळावरून जातात आणि फरकच उरत नाही. विजेवर चालणाऱ्या काही नव्या मोटारींत पुढच्या आसाला एक मोटर आणि मागच्याला वेगळी मोटर असते. मध्ये दांडाच नाही, मग पीळ कोणाला बसणार?

इतका वेळ आपण सावकाश वळत होतो. आता वेग वाढवू, कारण चारही चाके लागली म्हणजे गाडी रस्त्याला चिकटून बसते असा एक घातक समज आहे.

टायर रस्त्याला घर्षणामुळे धरून असतो आणि त्या पकडीला मर्यादा असते. एका टायरची पकड ५ भाग आहे असे समजा. ओढण्याचा जोर गाडीच्या दिशेने लागतो आणि वळवण्याचा जोर आडवा, म्हणजे दोघांमध्ये काटकोन. पुन्हा पायथागोरस! दोन चाकांनी ओढणाऱ्या गाडीत प्रत्येक ओढणाऱ्या चाकाने ४ भाग ओढण्यात घालवले, तर वळण्यासाठी ३ भाग उरतात. तेवढीच ओढ चार चाकांत वाटली तर प्रत्येकाकडे २ भागच आले आणि वळण्यासाठी २५ वजा ४ म्हणजे २१ चे वर्गमूळ, सुमारे ४.६ भाग शिल्लक राहिले. ओल्या घाटात चढताना वळणावर गती वाढवायची असेल, तर चारही चाके लागलेली गाडी जास्त स्थिर असते ती यामुळे. हा लाभ खरा आहे.

पण ब्रेक लावताना? ब्रेक तर साध्यातल्या साध्या मोटारीलाही चारही चाकांवर असतात. तिथे या गाडीकडे जादा काहीच नाही. आणि नुसते वळताना? गाडी वळणावर टिकण्यासाठी वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या ही संख्या घर्षणांक गुणिले ९.८ याहून मोठी होता कामा नये. या सूत्रात इंजिन कोणती चाके फिरवते याला जागाच नाही, गाडीच्या वजनालाही नाही. २० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. कोरड्या डांबराचा घर्षणांक ०.८ धरला तर मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. ओल्या, निसरड्या डांबरावर तो ०.४ झाला तर ताशी ३२. चिखलातून सहज निघालेल्या गाडीच्या चालकाला रस्ता किती निसरडा आहे हे जाणवतच नाही, कारण त्याची चाके गरगरत नाहीत. ते त्याला कळते वळणावर किंवा ब्रेक लावल्यावर.

घसरण्याआधी गाडी उलटूही शकते. चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची ही संख्या घर्षणांकापेक्षा लहान झाली, की टायर सुटण्यापूर्वी आतली चाके उचलली जातात. उंच पायांच्या गाड्यांचा गुरुत्वमध्य मुळातच वर. आपल्या जीपसाठी तो ०.७ मीटर उंचीवर धरू. ०.६ भागिले ०.७ म्हणजे ०.८६, कोरड्या डांबराच्या ०.८ पेक्षा जेमतेम जास्त. आता वडाप जीपच्या टपावर बोचकी चढवा, त्यावर तीन-चार माणसे बसवा आणि गुरुत्वमध्य ०.९ मीटरवर गेला असे समजा. संख्या ०.६७ वर उतरते. त्याच २० मीटरच्या वळणावर ही जीप ताशी ४१ किलोमीटरला उलटू लागते, आणि वळताना ती स्प्रिंगांवर बाहेरच्या अंगाला कलते हे धरले तर त्याच्याही आधी.